तुम्ही ‘ठेव’ म्हणालात तो ट्राउट

ताई, परवा तुमच्या शोकसभेत मिलिंदने ट्राउटची गोष्ट सांगितली. सेंगकांगला आपल्या ब्लॉकखाली व्हॉइड डेकवर, तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, ओळखीची तीस-चाळीस माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. मिलिंद म्हणाला, “माझ्या बहिणीने चौदा वर्षं मासे धरले आणि एकही मारला नाही. न्यूझीलंडच्या तळ्यावर शेवटचा मासा सुजाताने धरला. मालवणची मुलगी, हातात हातभर ताजा मासा. पण ताईसाठी तिने तो सोडून दिला.” लोकांनी माझ्याकडे बघून माना हलवल्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई नाक पुसत म्हणाल्या, “नणंद-भावजयीचं असं प्रेम हल्ली बघायला मिळत नाही हो.” मी मान खाली घालून बसले. सगळ्यांना वाटलं, मी रडतेय.

मी रडत नव्हते. मला लाज वाटत होती. तो मासा मी तुमच्यासाठी सोडला नाही, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही “ठेव” म्हणाला होतात. तिथे तिसरा होता तो आपला गाईड, आणि त्याला मराठी येत नव्हतं. मिलिंदला मी फोनवर एवढंच सांगितलं होतं की मासा धरला आणि सोडला. बाकीची गोष्ट त्याची त्याने रचली. तुम्हीही त्याला कधी दुरुस्त केलं नाहीत. दवाखान्यात तो नर्सला हीच गोष्ट सांगत होता तेव्हा तुम्ही उशीवर डोकं टेकून माझ्याकडे बघत होतात आणि मी सफरचंद चिरत होते. तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला ठाऊकच आहे, पण आपण दोघींनी ते एकदाही मोठ्याने म्हटलेलं नाही.

लग्न होऊन मी मालवणहून इथे परदेशात आले तेव्हा आम्ही दोघं तुमच्याच फ्लॅटमध्ये राहत होतो, नवव्या मजल्यावर. मिलिंदला तुम्हीच वाढवलंत, तुम्हीच इथे आणलंत, त्यामुळे ते घर तुमचं आणि घरातले नियमही तुमचे. माझ्या बॅगेत आईने दिलेली पिशवी होती, सोड्यांची. कोलंबी स्वतः सोलून, अंगणात कावळ्यांवर राखण करत वाळवून, जुन्या साडीच्या तुकड्यात शिवलेली. तिसऱ्या दिवशी तुम्ही कपाट उघडलंत. आवाज चढवला नाहीत. म्हणालात, “सुजाता, आपल्याकडे हे चालत नाही.” पिशवी दोन बोटांत धरून, पायात चपला सरकवून तुम्ही बाहेर गेलात, आणि लिफ्टजवळच्या कचऱ्याच्या चूटचं झाकण उघडल्याचा आवाज मला आला. मग नऊ मजले खाली जाणाऱ्या पिशवीचा. तुम्ही परत आलात, साबणाने हात धुतलेत आणि मला विचारलंत, “चहा घेणार ना?”

मी घेतला चहा. त्या रविवारी आईला फोनवर सांगितलं, इथे सगळं मिळतं, आता काही पाठवू नकोस. तिने का म्हणून विचारलं नाही. पुढे सहा वर्षं ती होती, पण सोडे परत आले नाहीत. मला तुमचा राग आला होता ताई, आणि तो राग मी फार नीट जपून ठेवला. आम्ही शेजारच्या ब्लॉकमध्ये स्वतःचं घर घेतलं तरीही घरात मासा आणला नाही. मिलिंद म्हणायचा, “तुला हवं तर आण की.” मी म्हणायचे, “नको, ताईंना चालत नाही.” त्यात काय सुख मिळत होतं मला, आता विचारू नका.

आणि मग, लग्नाला चार वर्षं झाली असतील, तुम्ही मासे धरायला लागलात! डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून तुम्ही लोअर सेलेटारच्या जलाशयाला फेऱ्या मारायचात. तिथे एक म्हातारे चिनी अंकल लांबलचक दोर हवेत मागेपुढे नाचवत उभे असायचे. तुम्ही तीन दिवस लांबून बघितलंत आणि चौथ्या दिवशी जाऊन विचारलंत, हे काय आहे. जलाशयावर जिवंत आमिष लावायला बंदी. मग हे अंकल पिसं आणि दोरा गळाला बांधून खोटी माशी करायचे. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायचे, म्हणजे मासा सुटताना फाटत नाही. धरायचा, बघायचा, सोडून द्यायचा. तुम्ही घरी येऊन हे असं सांगत होतात की जणू तुम्हाला गुरू भेटला. मी पोळ्या लाटत होते. जिने माझे मेलेले सोडे फेकून दिले ती बाई आता जिवंत मासे धरायला निघाली होती. त्या दिवशीची एकही पोळी गोल झाली नाही.

वाद तिथूनच सुरू झाला तो संपला नाहीच. मी म्हणायचे, “खायचा नाही तर त्या बिचाऱ्याला छळायचं कशाला? मासा ही काय खेळायची वस्तू आहे?” तुम्ही म्हणायचात, “धरला म्हणजे मारलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय?” मी म्हणायचे, “आमच्याकडे अन्नाशी कोणी असं वागत नाही.” तुम्ही म्हणायचात, “माझ्याकडे ते अन्न नाहीच मुळी.” ईशा बोलायला लागली तशी मध्ये पडायची, “आत्या, ममा, सेम फाइट अगेन, स्टॉप लाह.” तेवढ्यापुरतं आपण थांबायचो.

माशा तुम्ही जेवणाच्या टेबलावर बांधायचात. गणपतीच्या आराशीतली मोरपिसं उतरवली की तुमच्याकडे. माझ्या शिवणाच्या डब्यातला रेशमी दोरा तुमच्याकडे. एकदा चमक हवी म्हणून स्वतःच्या पैठणीच्या काठाची जर उसवलीत आणि ते मला कळलं तेव्हा मी तुम्हाला वेड्यात काढलं. तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, “पैठणी नेसून मी कुठे जाणार आहे आता? ही तरी पाण्यावर मिरवेल.” काय हसलो होतो आपण. रागाच्या माणसाबरोबर इतकं हसता येतं हे मला तुमच्याबरोबर कळलं.

आणखी एक गोष्ट. तांजोंग पगारला तुमचं ऑफिस माझ्या बँकेपासून दोन रस्ते पलीकडे. मी दुपारी हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यावर फिश सूप घ्यायचे, मिलिंदलाही सांगितलं नव्हतं. एकदा पहिला तुकडा तोंडात टाकला आणि समोर तुम्ही, हातात ट्रे घेऊन जागा शोधत. आपली नजरानजर झाली. तुम्ही वळून गर्दीत गेलात. संध्याकाळी घरी आलात तेव्हा मी तोंड लपवत होते, आणि तुम्ही पातेल्यावरचं झाकण उचलून म्हणालात, “माझ्यासाठी एवढं थांबू नकोस हं जेवायला. तुझ्या वेळेला, तुला हवं ते जेवत जा.” मला तो टोमणा वाटला. आता वाटतं, तो नव्हता. तुम्हाला टोमणा मारायचा असता तर तुम्ही तो इतका गोड मारला नसता.

उपकार मोजायला बसले तर हा लेख संपणार नाही. ईशाच्या वेळी चाळीस दिवस मला उठू दिलं नाहीत. बँकेने मला नारळ दिला तेव्हा मी अंथरुणातून निघत नव्हते. तुम्ही सकाळी सहाला येऊन पांघरूण ओढलंत आणि सेलेटारला नेऊन हातात रॉड दिलात. आधी ब्लॉकमागच्या गवतावर, गळाच्या जागी लोकरीचा गोंडा बांधून शिकवलंत. “घड्याळात दहा ते दोन. त्यापलीकडे हात न्यायचा नाही. मनगट मोडू नकोस. मागे गेलेला दोर सरळ होईपर्यंत थांब. घाई करणाऱ्याचा दोर स्वतःच्याच गळ्यात पडतो.” येणारेजाणारे थांबून बघायचे. एक अंकल म्हणाले, “आंटी, नो वॉटर, हाउ टु कॅच?” तुम्ही म्हणालात, “कॅचिंग हर, लाह.” मी तीन महिने रोज दोर फेकला. नोकरी मिळाली तेव्हा मी पहिला फोन मिलिंदला नाही, तुम्हाला केला.

ट्राउट तुम्हाला तेव्हापासून हवा होता. इथे मिळतात ते गरम पाण्यातले मासे, दांडगे, झडप घालणारे. ट्राउटला थंड तळं लागतं, आणि तो पारखून घेतो म्हणे, माशी खरी की खोटी. “तो फसला तर मी पास,” असं तुम्ही म्हणायचात. न्यूझीलंडला वसंत येतो ऑक्टोबरात. आणि इथे ऑक्टोबरात कधी तुमचं ऑडिट, कधी माझी नवी नोकरी, कधी काही. दरवर्षी आपण पुढच्या वर्षी म्हणायचो. गेल्या वर्षी डॉक्टरांनी मिलिंदला बाजूला घेऊन सांगितलं की जे काही करायचं असेल ते लांबवू नका. नेमकी तेव्हाच ईशाची पीएसएलई. सहावीच्या परीक्षेसाठी इथे आया नोकरीतून बिनपगारी रजा घेतात, आणि मी त्या आठवड्यात मासे धरायला चाललेय म्हटल्यावर शाळेच्या ग्रुपवर माझी काय शोभा झाली असेल! मिलिंद म्हणाला, मी नेतो ताईला. तुम्ही म्हणालात, “तू पोरीचा अभ्यास घे. मला सुजाता हवी.” मला वाटलं, अंघोळीला बाई माणूस हवं म्हणून.

तिकडच्या विमानतळावर खाण्याच्या वस्तूंची फार कसून तपासणी. तुम्ही फॉर्मवर खूण केली होती म्हणून तुम्हाला बाजूला घेतलं. लांबून मला दिसलं, त्या अधिकाऱ्याने तुमची एक छोटी स्टीलची डबी उघडून नाकाशी नेली आणि सणसणीत शिंकला. तुम्ही हसत आलात. मी विचारलं, काय होतं? “काही नाही गं, माझी पोटाची पूड.” मुक्कामाला स्वयंपाकघर असलेली खोली तुम्ही हट्टाने मागून घेतलीत, आणि पोचल्या पोचल्या मालकिणीकडून जाड बुडाचा तवा आणवलात. मी म्हटलं थालीपिठं लावायची असतील. माझ्या डोक्यात एवढंच येत होतं.

ते तळं मी विसरणार नाही. डोंगरांच्या डोक्यावर अजून बर्फ, काठच्या झाडांना नुकती पोपटी पालवी, आणि पाणी असं गार की गमबुटातून बोटं बधिर. तुम्हाला पाण्यात उतरवत नव्हतं. गाईडने काठावर घडीची खुर्ची मांडली, तुम्ही शाल, कानटोपी, वर मिलिंदचं जाकीट घालून बसलात आणि म्हणालात, “तू फेक. माझे डोळे अजून चांगले आहेत.” पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला तुम्हीच बघितलंत, वाऱ्याची रेघ जिथे संपत होती तिथे पाण्याला पडलेली गोल चुणी. “तिथे. नाही, त्याच्या अलीकडे. दहा ते दोन, सुजाता.” मोरपिसाची माशी, पोटाला तुमच्या पैठणीची जर. ती पाण्यावर टेकली. मी श्वास धरला होता. “ओढू नकोस अजून,” तुम्ही म्हणालात, “थांब, थांब... आता.”

पुढची दहा मिनिटं मी काय केलं मला आठवत नाही. तुमचा आवाज आठवतो. इतका मोठा आवाज तुमच्या त्या अंगातून कुठून आला कोण जाणे. मासा जाळ्यात आला, अंगावर तांबडे-काळे ठिपके, पोट पिवळसर. गळ सोडवून मी तो काठाशी, पाण्यातच, तुमच्या पायांपाशी आणला. तुम्ही वाकून हात आधी पाण्यात बुडवलात, कारण कोरड्या हाताने माशाला लावायचं नाही, आणि त्याच्या पाठीवर ठेवलात. तुमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. गाईडने विचारलं, ठेवायचा की सोडायचा. परवान्यात एक मासा न्यायला मुभा होती.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. “ठेव गं,” म्हणालात. “आज हा ठेव. तुझ्यासाठी.”

ताई, मला कळलं होतं. त्याच क्षणी, सगळं कळलं होतं. तुम्ही काय परत करू बघताय ते तुमच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि माझ्या कानात ते चूटचं झाकण वाजलं. माझ्या मनात आलं, अठरा वर्षांनी? एका माशात? इतक्या स्वस्तात नाही. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, “नको ताई. तुमचा नियम आहे ना.” आणि हात मोकळे केले. तो क्षणभर तिथेच थांबला, मग एक शेपटीचा फटका मारून निघून गेला.

तुम्ही तो गेला त्या पाण्याकडे बघितलंत. मग “बरं” म्हणालात. एवढंच. ओले हात शालीला पुसलेत. त्या संध्याकाळी मी मुगाची खिचडी केली, तुम्ही दोन घास खाल्लेत, आणि तो तवा न वापरताच मालकिणीला परत गेला.

मी तेव्हा जिंकले होते. परतीच्या विमानात तुम्ही माझ्या खांद्यावर झोपला होतात तेव्हाही मी जिंकलेलीच होते. त्यानंतर तुम्ही तीन महिने होतात. मी रोज तुमचे पाय चेपले, वेण्या घातल्या, पेज भरवली. त्यातल्या कुठल्याही दिवशी मला म्हणता आलं असतं, ताई, मी चुकले, मला कळलं होतं. म्हटलं नाही. वाटलं, उद्या म्हणू. आपण दोघी सगळं पुढच्या वसंतावरच टाकत आलो.

काल तुमचं कपाट आवरायला घेतलं. ईशाला तुमच्या खोट्या माशांचा डबा हवा होता. मासेमारीच्या जाकिटाच्या मागच्या खिशात ती स्टीलची डबी सापडली. उघडली आणि मी शिंकले. पोटाची पूड नव्हती. मालवणी मसाला होता, आणि त्यावर कागदात गुंडाळलेली चार कोकमं. सोबत तुमच्या हिशेबनीस अक्षरातली चिठ्ठी, प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. “मसाला – आणला. कोकम – आणलं. तांदळाचं पीठ – तिथे मिळेल. मीठ सपाट पाऊण चमचा, हळद, दहा मिनिटं मुरवणे. नंतर मसाला व कोकमाचं पाणी. मंद आच, एकदाच उलटणे. सुजाताला काही विचारायचं नाही.” शेवटच्या ओळीपुढे मात्र खूण नव्हती. तिथे लिहिलं होतं, “सोडे – मालवणहून मागवणे.”

मी भावाच्या बायकोला मालवणला फोन लावला. ती म्हणाली, “होय गो, गणपतीत इल्लो त्यांचो फोन. सगळा लिहून घेतल्यानी. तुका सांगू नको म्हणालेले.” जिने जन्मात माशाचा वास सहन केला नाही ती बाई फोनवर मासा कसा तळायचा ते लिहून घेत होती. आणि मी तिला म्हटलं, तुमचा नियम आहे ना.

मी खूप रडले ताई. ईशा घाबरून दारात उभी राहिली. “ममा, यू ओके ऑर नॉट?” मी तिला जवळ घेतलं आणि ती डबी दाखवली. सोड्यांची गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितली नव्हती, ती तिला सांगितली, ट्राउटची खरी गोष्टही सांगितली. मिलिंद केव्हा येऊन मागे उभा राहिला मला कळलं नाही. त्याने सगळं ऐकलं. मग तो पायात चपला घालून बाजारात गेला आणि शीतपेटीतल्या बर्फावरचा एक सबंध मासा घेऊन आला, कुठला घ्यायचा ते कळेना म्हणून दुकानातल्या माशांचे फोटो काढून मला पाठवत. ट्राउट नव्हे, सुरमई. आमच्या घरात आलेला पहिला मासा तुमच्या भावाने आणला.

मी तुमची चिठ्ठी ओट्यावर टेकवून ठेवली आणि तिच्याबाहेर काही केलं नाही. मला येतो मासा तळायला, आईने शिकवलाय, माझा हात आपोआप वेगळीकडे जात होता. मी तो मागे घेत होते. सपाट पाऊण चमचा म्हणजे सपाट पाऊण चमचा. दहा मिनिटं म्हणजे दहा. एकदाच उलटला. मिलिंदने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि तरीही समोर बसून राहिला. ईशाने दोन तुकडे खाल्ले.

मीठ कमी पडलं होतं, ताई. ते माप तुमचंच असणार. शेवटची दोन वर्षं पथ्याचं जेवलेल्या माणसाचा हात, आणि चव घेऊन बघण्याचा तर प्रश्नच नव्हता. मिलिंदने मिठाची बाटली माझ्यापुढे सरकवली. मी ती परत सरकवली आणि तुम्ही लिहिलं होतंत तसंच, सगळं खाल्लं.